वाचून दाखविले, बरोबर आहे

८ जुलै, सोमवार

नवे कायदे लागू होऊन आठवडा झाला. वकील जुनं कलम बोलतात, जीभ चावतात, मग खिशातली चिठ्ठी काढतात. चिठ्ठीतलंही चुकतंच. आज न्यायाधीश मॅडम एकाला म्हणाल्या, "जुनंच सांगा हो, मला समजतं." भूमच्या कोर्टात हसू क्वचित येतं, आज आलं.

दुपारी सरकारी वकिलांचा (स.व.) अर्ज. खटला मागं घ्यायचा. राजकीय आंदोलनातले गुन्हे काढून टाकायचे असं सरकारनं ठरवलंय, त्या यादीत ईट गावच्या रास्ता रोकोचा खटलाही बसवलाय. आरोपी नं. १ माजी झेडपी मेंबर. दगडफेकीत एका म्हातारीचा डावा डोळा गेला, तीच केस. अर्जात लिहिलंय: जनहितार्थ, शिवाय जखमी साक्षीदारानेच आरोपीस ओळखलेले नाही.

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. मग स.व.ना विचारलं, "हा विचार तुमचा, का वरून आलेला?"

"माझाच, मॅडम."

मॅडम नुसत्या बघत राहिल्या. स.व. माझ्यासमोर पंधरा वर्षं कोर्टात उभे राहतात, त्यांना घाम पुसताना मी आज पहिल्यांदा बघितलं. आणि ही बाई माझ्या भाचीच्या वयाची! मग म्हणाल्या, "जिचा डोळा गेला तिला विचारल्याशिवाय नाही." नोटीस काढली. टाइप मीच केली, कोर्टाची स्टेनो मीच.

१० जुलै

म्हातारीचं नाव केराबाई. साक्षीदार नं. ३. ईटच्या बाजारात भाजी विकते. दोन वर्षांपूर्वी साक्ष झाली तेव्हा आधीचे न्यायाधीश साहेब होते. मला तिचा चेहरा आठवतो, पदरानं झाकलेला डोळा आठवतो. शब्द एकही आठवत नाही. साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात, बोटं चालतात, आणि डोकं घरी, गॅसवर दूध ठेवलं का बंद केलं ह्यात. बावीस वर्षं हेच.

अम्मी विचारते, "दिनभर क्या लिखती गे?" काय सांगू? लोकांचं बोलणं लिहिते. पण ऐकत नाही.

१९ जुलै, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

केराबाई आली. पहिल्या एस.टी.नं आली असणार, मी पोचले तेव्हा ती लिंबाखाली बसलेली. बरोबर कुणी नाही. पुकारा झाला तशी आत आली, मॅडमना हात जोडले, मग आरोपीच्या वकिलालाही जोडले. आ. नं. १ मागच्या बाकावर होता, त्याच्याकडं एकदाच बघितलं. राग नाही, काही नाही. आपण बाजारात वजन बघतो तसं.

मॅडम म्हणाल्या, "आजी, सरकारला हा खटला मागं घ्यायचाय. तुमचं काय म्हणणं?"

"घेऊ द्या की. सरकारचंच हाय."

स.व. सुटल्यासारखे झाले. आणि ती पुढं म्हणाली, "पर बाईसायेब, गावात समदे म्हणत्यात केरानं डोळा इकला. कोर्टात जाऊन फिरली म्हणत्यात. म्या फिरले न्हाय. म्या नाव सांगितलं व्हतं. कागदावर काय हाय ते मला एकदा सांगा, मग घ्या मागं."

आरोपीचे वकील उठले. ते बोलतात गोड. "आजी, तुमचाच जबाब आहे, अंगठाही तुमचाच." आणि वाचलं: "हे खरे आहे की, मला माझ्या टपरीतून गर्दी दिसत होती, परंतु दगड कोणी मारला ते मी पाहिले नाही."

मला वाटलं संपलं. मग केराबाई म्हणाली, "माझी कुटली टपरी?"

कोर्टात फिसकन हसले दोघं-तिघं.

"न्हाय, खरंच इचारते. म्या भुईवर पोतं टाकून बसते. माझी टपरी असती तर त्या दिवशी आत नसते का शिरले?"

हसणारे थांबले. मॅडमनी मान वर केली. टपरी कुणाची ते मला माहीत होतं.

मॅडमनी तारीख दिली, ३१ जुलै. जबाब वाचून दाखवला होता की नव्हता ह्यावर दोन्ही बाजूंनी सांगायचं. वकील म्हणाले, "मॅडम, खाली स्पष्ट लिहिलंय, वाचून दाखविले, बरोबर आहे."

हो, लिहिलंय. मीच लिहिलंय.

२० जुलै

सव्वादहाला पोचले. शिपाई झाडत होता. जुन्या फायली कॉम्प्युटरवर आहेत. साक्षीदार नं. २, पानटपरीवाला, तोच दिवस, सकाळचा. साक्षीदार नं. ३, केराबाई, तोच दिवस, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या.

पानटपरीवाल्याच्या उलटतपासातलं शेवटचं वाक्य आणि केराबाईच्या उलटतपासातलं शेवटचं वाक्य. एकच. अक्षरन् अक्षर.

मी काय करते, आधीच्या साक्षीदाराची फाईल उघडते, नाव बदलते, वय बदलते, मधलं पुसते, नवीन टाइप करते. म्हणजे वरचा मथळा आणि खालचा शेवट आयता मिळतो. सगळेच करतात. त्या दिवशी मधलं पुसलं आणि एक वाक्य खाली राहून गेलं. त्याच्याखाली ती आयती ओळ, वाचून दाखविले, बरोबर आहे. साहेबांना जेवायला जायचं होतं. वाचून कुणी दाखवतं का? बावीस वर्षांत मी किती वेळा ऐकलंय? बोटांवर मोजायला बोट तरी लागेल का?

वरच्या भागात तिनं नाव घेतलेलंच आहे. स्वच्छ. आणि खाली तिनं बघितलं नाही. ह्यालाच गाव फिरली म्हणतं.

म्हातारीनं दोन वर्षं माझं वाक्य अंगावर वागवलं.

२१ जुलै, रविवार

बिर्याणी जळाली. अम्मी म्हणाली, "क्या हुआ गे तेरे कू, बोलती नै." सांगितलं सगळं. अम्मी ऐंशीला टेकलीय, मला वाटलं म्हणेल नोकरी सांभाळ. म्हणाली, "उस बुड्ढी का डोळा?" मग जपमाळ घेऊन बसली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

२२ जुलै

माने साहेबांना सांगितलं. आमचे अधीक्षक, माणूस वाईट नाही. तुळजापूरहून आलेले, प्रसादाचे पेढे टेबलावर. एक माझ्या हातावर ठेवला आणि दार लोटलं.

"शेखबाई, वेड लागलंय का? आठ वर्षं राहिलीत तुमची. चौकशी लागेल. आणि एकट्या तुमचं नाही. वाचून दाखवलं नव्हतं असं एकदा कागदावर आलं की जिल्ह्यातले सगळे वकील उठतील. प्रत्येक जबाबाखाली ती ओळ आहे. कुठवर उसवत जाणार?"

"पण म्हातारी..."

"सरकारच केस मागं घेतंय. म्हातारी स्वतः घ्या म्हणाली. मग कुणाचं काय अडलंय?"

बोलणं खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त राग आला. पेढा तसाच हातात, घरी येईपर्यंत वितळला.

२६ जुलै

चार दिवस काही लिहिलं नाही. रोज ठरवते, रोज मॅडमच्या चेंबरपर्यंत जाते, काहीतरी दुसरंच विचारून परत येते. आज प्रिंटरची शाई संपलीय म्हणून सांगून आले. संपलेली नाही.

मी भित्री आहे. लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

२७ जुलै

ईटला मावसबहिणीकडं जावं लागलं, तिच्या नातवाचा अकीका, बारशाचं जेवण. बाजारातूनच रस्ता. केराबाई दिसली. पोतं, शेपू, चुका, थोड्या शेंगा. कोर्टाच्या माणसानं साक्षीदाराशी बोलायचं नसतं, मी पदर ओढून पुढं निघाले. मागं दोन पोरं मोटरसायकलवर, एक ओरडला, "आजी, डोळा काय भाव?" दुसरा हसला.

तिनं मान वर केली नाही. चुक्याच्या जुड्या नीट लावत बसली. सवयीनं. दोन वर्षांची सवय.

अकीक्याला मी जेवले नाही. बहीण रुसली.

३० जुलै, मंगळवार

सांगितलं.

कोर्ट उठल्यावर चेंबरमध्ये गेले. दोन्ही जबाबांच्या प्रिंट टेबलावर ठेवल्या, वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली. म्हणाले, "मॅडम, हे वाक्य केराबाईचं नाही. माझ्या हातून राहिलं. आणि जबाब वाचून दाखवला नव्हता. त्या दिवशीही नाही, एरवीही नाही." एका दमात. नाहीतर प्रिंटरवर घसरले असते.

मॅडमनी दोन्ही वाचले. सावकाश. मला वाटलं ओरडतील, किंवा म्हणतील बघू. त्या म्हणाल्या, "बसा. मशीन सुरू करा."

"काय टाइप करायचं?"

"जिल्हा न्यायाधीशांना पत्र."

कोर्टात स्टेनो मी एकटी. माझ्याविरुद्धचं पत्र मलाच टाइप करायचं होतं! मॅडमच्या लक्षात आलं असेल का? आलंच असणार. डोळे मिटून सांगत होत्या. सदर लघुलेखिका. सदर लघुलेखिकेने पूर्वीच्या साक्षीदाराच्या जबाबातील वाक्य. बोटं चालत होती, आज पहिल्यांदा डोकं घरी नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "पुढचा परिच्छेद. मी या न्यायालयात रुजू झाल्यापासून माझ्यासमोरही साक्षीदारांचे जबाब वाचून दाखविले जात नाहीत, तरीही मी त्याखाली स्वाक्षरी करीत आले आहे."

माझी बोटं थांबली.

"लिहा ना."

"मॅडम, हे... तुमचं..."

"लिहा, शेखबाई."

या अल्लाह! कोण आहे ही बाई? तिशी जेमतेम ओलांडलेली, घरी दोन वर्षांचं लेकरू, पुढं सगळी नोकरी पडलेली. कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कळणारही नव्हतं. मी लिहिलं. अक्षरं नीट दिसत नव्हती.

झालं वाटलं तर म्हणाल्या, "वाचून दाखवा."

वाचलं. माझाच गुन्हा माझ्याच तोंडानं. मधे त्यांनी डोळे उघडले. "'अनवधानाने' मी म्हटलं नव्हतं."

खरंच म्हटलं नव्हतं. माझ्या बोटांनी घातलं होतं, मला न विचारता. "नाही, मॅडम."

"काढा."

काढलं. पुन्हा सगळं वाचलं. शेवटी त्या म्हणाल्या, "एक वाक्य वाढवा. ही बाब सदर लघुलेखिकेने कोणीही विचारणा केलेली नसताना स्वतः होऊन सांगितली. हे घाला. हे झालंय."

घरी आले. अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवलं. पन्नाशीतली घोडी. ती केसांतून हात फिरवत राहिली.

३१ जुलै

कोर्टात मॅडमनी सगळं सांगितलं, उघड, केराबाईसमोर. स.व. माझ्याकडं बघेनात. आरोपीचे वकील बघत होते, अगदी प्रेमानं. केराबाईला पुन्हा साक्षीला बोलवायचं, १४ ऑगस्ट. मागं घेण्याच्या अर्जावर निर्णय त्यानंतर.

माने साहेब डब्याच्या वेळी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. ठीक आहे.

६ ऑगस्ट

नोटीस आली. खुलासा द्या, आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये. दोन ओळींत दिला. काही नवीन सांगायचं नव्हतंच. चौकशी कधी, किती दिवस, कुणाला माहीत? पगारवाढ तर गेलीच, जास्त काय जाईल ते बघू.

गंमत अशी की आता सगळे जबाब वाचून दाखवावे लागतात. दिवसाला आठ व्हायचे, आता पाच. वकील कुरकुर करतात, पक्षकार जांभया देतात, माझा घसा बसलाय. आणि काय काय निघतंय! एकानं आपल्या बापाचं नाव दुरुस्त केलं. एक बाई म्हणाली, "'रागाच्या भरात' कशाला लिहिलंय, मी शांतपणे हाणलं होतं." मॅडमसुद्धा हसल्या.

मी आधी एवढं काय काय गिळलं असेल?

१४ ऑगस्ट

केराबाईची साक्ष.

शपथ घेतली. स.व.नी विचारलं, तिनं सांगितलं. रास्ता रोको, पोलिसांची गाडी, पळापळ. ती पोतं गोळा करत होती. दगड कुणी मारला? तिनं मागच्या बाकाकडं हात केला. "त्या तिथं बसलेत त्यांनी." वकिलांनी उलट विचारलं, अर्धा तास फिरवलं. ती फिरली नाही. एकदा म्हणाली, "वकीलसायेब, तुमी लेकरासारखे हाव, पर डोळा माझा गेलाय, मला ठावं हाय कुणीकडनं आला."

मग मॅडम म्हणाल्या, "वाचून दाखवा."

मी उभी राहिले. बसूनही चाललं असतं. केराबाईनं पदर कानामागं घेतला आणि पुढं झुकली. आजचा जबाब वाचला, मग दोन वर्षांपूर्वीचाही, टपरीचं वाक्य वगळून, कारण तोही तिनं ऐकायचा होता. एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं. ती "व्हय" म्हणायची. मग पुढचं.

जुन्या जबाबात एक वाक्य होतं: "आरोपीने मला इजा करण्याच्या उद्देशाने दगड उचलून मारला."

"थांबा बाई."

थांबले.

"ह्ये म्या म्हणले न्हाय."

स.व. अर्धे उठले. "आजी, नीट ऐका, ते तुमच्या बाजूचं आहे."

"बाजूचं असंल. पर म्या म्हणले न्हाय. त्यो गाडीला मारत व्हता पोलिसाच्या. म्या मधी आले, मला लागला. मला मारायला त्येनं कशाला मारावा? त्येची आई माझ्याकडनंच भाजी नेती."

स.व.नी डोक्याला हात लावला, खरा लावला. आरोपीचे वकील झरझर लिहून घ्यायला लागले, त्यांना आभाळातून मिळालं होतं. आणि मागच्या बाकावरचा तो माजी मेंबर, तीन तारखा पाय हलवत बसलेला माणूस, त्यानं खाली मान घातली. पुन्हा वर केली नाही.

मी आ वासून उभी. दोन वर्षं लोकांनी तिला फिरली म्हटलं. डोळा इकला म्हटलं. आज एक शब्द गिळला असता तर केस तिच्या मुठीत होती. त्या बाईनं मुठीतलं सोडून दिलं, का तर ती तसं बोलली नव्हती! कुठल्या मातीची माणसं असतात ही? मी शिकलेली, कोर्टातली, आणि माझ्या बोटांनी गुपचूप "अनवधानाने" घातलं होतं.

मॅडमनी तिचा आक्षेप सांगितला, मी टाइप केला, पुन्हा वाचला. "व्हय, आस्सं," ती म्हणाली.

मग अंगठा. शिपायानं शाईचा डबा पुढं केला. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर धरून थांबली.

"खाली आजून एक वळ हाय. ती न्हाय वाचली."

सगळ्यांनी बघितलं. खरंच एक ओळ राहिली होती. मी वाचली.

"वाचून दाखविले, बरोबर आहे."

बावीस वर्षांत ही ओळ किती हजार वेळा उमटवली असेल, गेले दोन आठवडे जबाब वाचतानाही ती सोडूनच देत आले, तोंडानं आज पहिल्यांदा उच्चारली.

केराबाईनं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी कोण, ते वाक्य कुणाचं, सगळं तिला ३१ तारखेला कळलेलं. काय म्हणेल ह्याची मी दोन आठवडे धास्ती घेतली होती.

"बरोबर हाय," ती म्हणाली. आणि अंगठा टेकवला.

जाताना दारात थांबली, चप्पल शोधत. माझी खुर्ची दाराजवळच. म्हणाली, "बाई, आवाज बसलाय तुझा. ज्येष्ठमध चघळ." बोलायचं नसतं. मी नुसती मान हलवली.

२९ ऑगस्ट

उद्या निर्णय. खटला मागं घेऊ देणार की चालवणार. काहीच सांगता येत नाही. केराबाईनं जे दिलं ते दोन्ही बाजूंना लागतं. स.व. म्हणतात आता परवानगी नक्की. माने साहेब म्हणतात मॅडम देणार नाहीत. आज ते माझ्या टेबलावर बसून जेवले, भेंडी वाढली, चौकशीचं काही विचारलं नाही. चौकशी अजून सुरूच झालेली नाही. मॅडमनाही वरून एक लखोटा आलाय, त्यात काय आहे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ईटची मावसबहीण फोनवर म्हणाली, बाजारात आता केराबाईला कुणी काही बोलत नाही. माजी मेंबरची आई परवा तिच्याकडून चुका घेऊन गेली. पोरं मात्र अजून हसतात, म्हणतात म्हातारी येडी हाय, जिंकलेली केस घालवली.

साडेपाचला मॅडम चेंबरमधून बाहेर आल्या. मी कॉम्प्युटर बंद करत होते.

"शेखबाई, उद्या दहालाच या. निकाल सांगते."

"लांब आहे का, मॅडम?"

"लांब नाही. पण केराबाईंना बोलावलंय. पूर्ण वाचून दाखवायचाय."

येताना मेडिकलमधून ज्येष्ठमध आणलंय.